लाल दोरा विटकरी दिसला

पत्र थोडं कापून देते.

«डॉक्टरबाई, स. न. वि. वि.
मी कऱ्हाडची. माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झाली, इचलकरंजीला असते, घरीच ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवताना तिला उजवा डोळा मिटायची सवय आहे. गेल्या सोमवारी तसा मिटला तर हातातला लालभडक दोरा विटकरी दिसला. तिला वाटलं रीळच दुसरं उचललं. मंगळवारपासून डावा डोळा फिरवला की आत ठणकायला लागलं. गुरुवारपर्यंत त्या डोळ्यानं समोर हात हलवला तेवढा कळायचा, बोटं मोजता येत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून तपासलं, म्हणाले डोळा चांगला आहे, पडदा चांगला आहे. थेंब दिले. दुसऱ्यांनी मेंदूचा एमआरआय करायला लावला, तो नॉर्मल आला. त्यांनी पाच दिवसांच्या स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्या अजून सुरू केल्या नाहीत. शनिवारी मिरजेला दाखवलं. ते म्हणतात आजच दाखल करा, सलाइनमधून स्टेरॉईड द्यायचं, हा नुसता डोळ्याचा नाही, प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. जावई म्हणतात स्टेरॉईड नको, हाडं जातात. विहीणबाई म्हणतात दृष्ट लागली. एक पाहुणे म्हणतात तीन महिने आयुर्वेदिक थेंब घालून बघा. डोळा चांगला आहे तर दिसत का नाही? स्टेरॉईड घेऊ द्यायचं का? अजून मूलबाळ नाही, सासरी काय सांगायचं?
तशी ती आजारी पडणाऱ्यातली नाही. गेल्या श्रावणात तेवढी तीन आठवडे उचकी आणि उलट्या लागल्या होत्या. अ‍ॅसिडिटी म्हणून सलाइन लावलं, दुर्बिणीनं पोट बघितलं, काही निघालं नाही. आपोआप थांबलं.»

ताई,

तुमचं पत्र रविवारी रात्री मिळालं. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून तेव्हाच एका ओळीचं उत्तर पाठवलं: उद्या सकाळी दाखल करा, आणि उचकीचं तिथल्या डॉक्टरांना सांगा. सोमवारी दाखल केलंत, तुमचा निरोप पोचला. आता हे सविस्तर लिहिते आहे. निम्मं तुमच्यासाठी, निम्मं अशाच घरांसाठी, जिथे सध्या कुणाचा तरी डोळा गेलाय आणि माजघरात बैठक बसली आहे.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलात. तीन आठवड्यांची उचकी. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमचा पहिला प्रश्न.

डोळा चांगला असून दिसत का नाही? विहीर तुडुंब आहे, मोटर चालू आहे, पण मधली पाइप चोंदली तर शेवटच्या वाफ्याला पाणी कुठून जाणार? डोळ्याच्या पडद्यावर चित्र नीट उमटतंय. ते मेंदूपर्यंत नेणारी जी नस आहे, ती सुजली आहे. जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीच्या या नसेत सुमारे १२ लाख तंतू असतात. डॉक्टर भिंगातून आत बघतात तेव्हा त्यांना नसेचं फक्त तोंड दिसतं, पडद्यावरच्या नाण्यासारखं. सूज त्या तोंडाच्या मागे, खोबणीत असली तर तोंड अगदी निरोगी दिसतं, आणि अशा सुजेच्या तीनातल्या दोन रुग्णांत ती मागेच असते. आमच्यात शिकवताना म्हणतात, या आजारात रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. मात्र एक साधी तपासणी त्यांनी केली का, हे मला विचारावंसं वाटतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि परत पहिल्यावर न्यायचा. चांगल्या डोळ्यावर उजेड पडला की बाहुल्या आक्रसतात. तोच उजेड आजारी नसेच्या डोळ्यावर आणला की बाहुल्या उलट मोठ्या होतात, कारण उजेड आलाय हे मेंदूला पुरतं कळतच नाही. ही खूण खोटी आणता येत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. एमआरआय नॉर्मल, पडदा नॉर्मल, आणि तरी पेशंट म्हणतो दिसत नाही, तेव्हा «मनाचं आहे, टेन्शन आहे» असा शेरा मारून बायकांना परत पाठवलेलं मी पुष्कळ पाहिलंय. तुमच्या लेकीवर ती वेळ आली नाही हे बरं.

लाल दोऱ्यानं मात्र तिच्या नसेचं दुखणं तीन दिवस आधीच सांगितलं होतं. नस सुजली की अक्षरं पुसट होतात, पण त्याच्याही आधी रंग विटतात, आणि त्यातही लाल. घरी करून बघायचं तर कुंकवाची डबी पुरे. एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. एका डोळ्याला कुंकू लाल आणि दुसऱ्याला काविसारखं किंवा धुतल्यासारखं दिसलं तर थांबू नका. डोळा फिरवताना आत ठणकणं ही दुसरी खूण. नसेचं आवरण आणि डोळा फिरवणारे स्नायू खोबणीच्या मागच्या टोकाशी एकमेकांना चिकटून असतात. डोळा वळला की स्नायू ओढतो आणि सुजलेली नस बोंबलते. कुणी म्हणेल मोबाईल बघून झालं, पण मोबाईलनं यातलं काहीही होत नाही. मोबाईलनं डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. चार दिवसांत एका डोळ्याची नजर जात नाही.

मग नस सुजली कशानं? मिरजेच्या डॉक्टरांनी जो शब्द वापरला तो ऑटोइम्यून. ज्या प्रतिकारशक्तीनं बाहेरच्या जंतूंशी लढायचं तीच घरच्या माणसांवर उलटते. सांध्यांवर उलटली तर आमवात, थायरॉइडवर उलटली तर थायरॉइड, कातडीपासून किडनीपर्यंत कुठेही उलटली तर ल्युपस. मेंदू, मणक्यातली मज्जा आणि डोळ्यांची नस यांवर उलटणारे आजार प्रामुख्याने तीन. बाहेरून ते सारखे दिसतात, पण स्वभावानं अगदी वेगळे आहेत.

पहिला मल्टिपल स्क्लेरॉसिस, ज्याला सगळे एमएस म्हणतात. यात मेंदूच्या तंतूंवरचं आवरण जागोजागी झडतं. पुष्कळ रुग्णांत त्याची पहिली खूण डोळ्यातच दिसते. यातली नजर बहुतेकांची काही आठवड्यांत बऱ्यापैकी परत येते, औषध न देताही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशा ४५७ रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली आणि त्यांच्याकडे पुढे १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला ज्यांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता त्यांच्यात १५ वर्षांत चारातल्या एकाला एमएस झाला. डाग असलेल्यांत दहातल्या सातांहून थोड्या जास्त जणांना झाला.

दुसऱ्या आजारात मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतात. हा लहान मुलांतही दिसतो, दोन्ही डोळे एकदम धरतो, नसेचं तोंड चांगलंच सुजवतो. स्टेरॉईडला झटकन वळतो आणि स्टेरॉईड घाईनं बंद केलं की तितक्याच झटकन परत येतो.

तिसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. फ्रान्समधल्या ल्यों शहरात यूजेन डेव्हिक यांनी १८९४ साली याचं वर्णन केलं, म्हणून जुनी मंडळी याला डेव्हिकचा आजार म्हणतात. पुढची शंभर वर्षं सगळे याला एमएसचाच एक प्रकार समजत होते. मग २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये या रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच प्रतिपिंड सापडला, आणि पुढच्याच वर्षी त्याचं लक्ष्य कळलं: अ‍ॅक्वापोरिन-४. पेशीत पाणी आत-बाहेर जायला जी दारं असतात ती अ‍ॅक्वापोरिन. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. मूत्रपिंड आणि तांबड्या पेशींच्या अभ्यासातून निघालेला हा धागा दोनच वर्षांत डोळ्याच्या आजारापर्यंत पोचला. अ‍ॅक्वापोरिन-४ ही दारं मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींवर असतात, आणि डोळ्याच्या नसेत, मज्जारज्जूत आणि मेंदूच्या बुडाशी त्यांची दाटी असते.

आता उचकी.

मेंदूच्या बुडाशी, मणक्याला जोडणाऱ्या भागाच्या मागच्या बाजूला, उलटीचं केंद्र आहे. रक्तात काही विष आलं तर ते हुंगून उलटी करवणं हे त्याचं काम. ते हुंगता यावं म्हणून तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली नेहमीची भिंतच नाही. प्रतिपिंडाला आत शिरायला वाट मोकळी, आणि आत अ‍ॅक्वापोरिनची दाटी. त्यामुळे एनएमओ कधी कधी डोळ्यापासून सुरू न होता तिथून सुरू होतो. आठवडेच्या आठवडे न थांबणारी उचकी, मळमळ, उलट्या. पोटाची दुर्बीण होते, सोनोग्राफी होते, पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं संपतात. मग एक दिवस सगळं आपोआप थांबतं आणि घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. काही महिन्यांनी डोळा जातो, किंवा पाय जातात. २०१५ साली या आजाराच्या निदानाचे जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले त्यात ही उचकी-उलटी एक मुख्य खूण म्हणून घेतली आहे.

मी निदान करत नाही, ताई. पत्रावरून निदान करणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नये, माझ्यावरसुद्धा. उचकी खरोखरच पित्ताची असू शकते. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाईला तीन आठवडे उचकी, पोटात काही नाही, आणि वर्षाच्या आत एका डोळ्याची नजर चार दिवसांत जवळजवळ पूर्ण जाते, ही जोडी ज्यानं एकदा पाहिली तो ती विसरत नाही. पोटाच्या डॉक्टरांकडे पोटाची फाईल, डोळ्याच्या डॉक्टरांकडे डोळ्याची. दोन्ही फायली एकत्र ठेवायचं काम घरच्यांवर येतं, आणि घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की त्या एकत्र ठेवायच्या.

नावासाठी एवढा काथ्याकूट का, असं जावई विचारतील. कारण नावावर औषध ठरतं. एमएसची काही नेहमीची औषधं, बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार भडकू शकतो. शिवाय एमएसमधला डोळ्याचा झटका बहुतेकदा माफ करतो. एनएमओचा करत नाही. प्रत्येक झटका काही ना काही कायमचं घेऊन जातो. डोळा वाचवायची खिडकी दिवसांत मोजायची असते. तीन महिने थेंब घालायला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी. पाहुण्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण थेंब डोळ्याच्या पुढच्या भागात पडतात, नस मागे आहे. नस सुकली की पडद्यावरचं तिचं तोंड पांढुरकं दिसायला लागतं, त्यालाच चार-सहा आठवडे जातात, आणि तेव्हा आम्ही फक्त झालेलं नुकसान लिहून घेतो. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा. दोन मिनिटांचं काम, मिठमोहऱ्या काही बिघडवत नाहीत. उतरवा आणि गाडीत बसवा.

आता स्टेरॉईड. महाराष्ट्रात या शब्दाला जेवढी लोकं घाबरतात तेवढी डायबेटिसलासुद्धा घाबरत नाहीत. भीती अगदी निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं, मोतीबिंदू, हे महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्यावर होतं. तिला आता जे मिळतंय ते मिथिलप्रेडनिसोलोन, रोज १ ग्रॅम, सलाइनमधून, तीन ते पाच दिवस. त्याचे त्रास वेगळे: रात्रभर झोप नाही, तोंडाला धातूची चव, चेहरा लालबुंद, साखर आणि बीपी वर, कधी चिडचिड तर कधी उगीचच उत्साह. रात्री दोन वाजता तिला कपाट आवरावंसं वाटलं तर घाबरू नका. साखर रोज तपासत आहेत ना, एवढं विचारा. पोटाच्या संरक्षणाची गोळी चालू आहे का, तेही.

आणि त्या पाच दिवसांच्या गोळ्या तुम्ही सुरू केल्या नाहीत, ते चुकून बरंच झालं. मघाशी सांगितलेल्या त्याच अमेरिकन चाचणीत एका गटाला वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम या साध्या डोसच्या नुसत्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गटात डोळ्याला पुन्हा सूज येण्याचं प्रमाण उलट वाढलं. १९९२ मध्ये हे छापून आलं तरी चिठ्ठीवर त्या गोळ्या अजून दिसतात. सलाइनमधला मोठा डोस झाल्यावर गोळ्या द्यायच्या असतात, ती गोष्ट निराळी. त्या तुमच्या लेकीला मिळतीलच, आणि आजार एनएमओ किंवा मॉगचा निघाला तर बरेच महिने हळूहळू कमी करत न्यायच्या असतील. तेव्हा मात्र एक नियम पाळायचा: आपल्या मनानं एक गोळीही बंद करायची नाही. अचानक तोडली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड जागेवर नसतं. माणूस कोसळतो.

तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टर प्लाझ्मा बदलायचं नाव काढतील. डायलिसिससारखं यंत्र असतं, रक्तातला पातळ भाग, ज्यात ते प्रतिपिंड फिरतात, तो काढून टाकतात आणि त्याजागी दुसरं द्रव भरतात. एकाआड एक दिवस, साधारण पाच ते सात वेळा. ऐकायला भयंकर वाटतं आणि खर्चही आहे. पण एनएमओच्या जोरदार झटक्यात ते जितकं लवकर तितकं जास्त उपयोगी पडतं. म्हणून त्यांनी विचारलं तर «अजून आठ दिवस बघू» म्हणू नका. अ‍ॅक्वापोरिनचं रक्त त्याआधी काढून पाठवलंय ना, एवढी खात्री करा. प्लाझ्मा बदलल्यावर रक्त पाठवलं तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, कारण जे शोधायचं तेच आपण नुकतंच काढून टाकलेलं असतं.

तपासण्यांचं आणखी थोडं. तुमच्याकडचा एमआरआय मेंदूचा होता. तो नॉर्मल आला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. एनएमओमध्ये सुरुवातीला मेंदू स्वच्छ असणं हेच नेहमीचं. डोळ्यांच्या नसांचा, इंजेक्शनचं औषध देऊन, आणि मानेपासून खालपर्यंत मणक्याचा एमआरआय झालाय का ते विचारा. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग, दोन्ही हवेत, शक्यतो पेशींवर केली जाणारी तपासणी, ती जास्त भरवशाची. अहवाल यायला काही दिवस लागतात, उपचार त्याच्यासाठी अडत नाहीत. एएनए ही ऑटोइम्यून आजारांची रक्ततपासणी आणि तिच्या जोडीच्या तपासण्याही होतील, कारण एनएमओच्या पाठोपाठ ल्युपस, तोंड-डोळे कोरडे पाडणारा शोग्रेन, थायरॉइड असे भाऊबंद बऱ्याचदा निघतात. तिला तोंड आणि डोळे कोरडे पडणं, केस गळणं, सांधे धरणं, उन्हात चेहऱ्यावर चट्टे येणं असं काही होतं का, आठवून ठेवा. आपल्याकडे टीबी आणि सिफिलिसची तपासणीही करतातच. सिफिलिसचं नाव ऐकून जावयांनी चिडू नये, ती कुणाच्या चारित्र्याची तपासणी नाही, तो यादीतला नेहमीचा नियम आहे.

एनएमओ ठरला तर पुढची औषधं झटका परत येऊ नये म्हणून असतात आणि ती वर्षानुवर्षं चालतात. अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट या गोळ्या, किंवा साधारण सहा महिन्यांनी घ्यायचं रिटुक्सिमॅबचं सलाइन. रिटुक्सिमॅब आता भारतातही बनतं, मूळ कंपनीच्या मानानं स्वस्त पडतं. २०१९ पासून खास या आजारासाठी एक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रालिझुमॅब अशी औषधं परदेशात मंजूर झाली, ती चांगली आहेत, पण त्यांच्या किमती ऐकून मीही दोनदा आकडा विचारते. ही सगळी औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणून आधी टीबी आणि कावीळ-बी तपासून घेतात, आणि पुढे ताप आला तर तो घरी अंगावर काढायचा नसतो. पैशांचं आत्ताच रुग्णालयातल्या समाजसेविकेशी बोला. कोणत्या योजनेत काय बसतं हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि कागद दाखल असतानाच करणं सोपं जातं.

सासरी काय सांगायचं.

सगळं सांगायचं. हे मी सहज लिहीत नाही. माझ्याकडे एक बाई यायची, तिच्या माहेरच्यांनी आजार लपवून लग्न केलं होतं. गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवायची. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, जावांनी स्वयंपाकघर हातात घेतलं, तिला डब्याला हात लावता येईना. नऊ दिवस गोळ्या चुकल्या. त्यानंतर महिन्याच्या आत दुसरा डोळा. त्या घरातली माणसं दुष्ट नव्हती. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

तुमच्या बाबतीत तर लपवायला काही उरलंही नाही. आजार लग्नानंतर समोर आला आणि जावई तिच्यासोबत धावपळ करताहेत. ते स्टेरॉईडला नको म्हणाले ते काळजीपोटी, असं तुमच्या पत्रावरून तरी वाटतं. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, डॉक्टरांच्या खोलीत न्या, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. विहीणबाईंना तीन गोष्टी स्पष्ट कळू देत: हा आजार लागट नाही, आईबापाकडून मुलाला थेट जाणारा नाही, आणि तिच्या कुठल्या चुकीनं झालेला नाही. एनएमओ असेल तर एवढंही सांगा की हा बहुतांशी बायकांनाच होतो, अ‍ॅक्वापोरिनवाल्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. म्हणजे त्यांच्या सुनेचं काही वेगळं नाही.

मूल होऊ शकतं. मात्र ते ठरवून, आजार निदान वर्षभर शांत राहिल्यावर व्हावं. काही गोळ्या, विशेषतः मायकोफिनोलेट, गर्भाला घातक आहेत, त्या आधी बदलाव्या लागतात. अ‍ॅझाथायोप्रिन बऱ्याचदा चालू ठेवता येतं. आणि खरा धोका पोटुशी असताना नसतो तितका बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असतो. तेव्हाच आपल्याकडे बाईला शेक-शेगडीच्या खोलीत बसवतात आणि «अंगावर पाजतेय, औषधं बंद कर» असं कुणीतरी सांगतं. मेंदूचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर यांची एकमेकांशी ओळख दिवस राहायच्या आधी करून द्या. तोवर पाळणा लांबवायची सोय करा, आणि हे आत्ताच, रुग्णालयातून सुट्टी मिळायच्या आधी विचारून घ्या. नंतर लाजेत राहून जातं.

घरी आल्यावरचं थोडं. चुलीपुढे, कडकडीत पाण्यानं अंघोळ केल्यावर किंवा उन्हातून आल्यावर डोळ्यापुढे धुकं येईल आणि गार झाल्यावर जाईल. जर्मनीतल्या उटहॉफ नावाच्या डॉक्टरांनी १८९० मध्येच श्रमानंतर येणारं असं धुकं लिहून ठेवलंय. दुखावलेल्या नसेला उष्णता सोसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो नवा झटका नव्हे. नवा झटका म्हणजे चोवीस तासांहून जास्त टिकलेली कुठलीही नवी तक्रार: दुसऱ्या डोळ्याचा रंग विटणं, पाय जड पडणं, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, लघवी अडणं, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरणं, आणि हो, परत उचकी. यातल्या कशालाही सोमवारची ओपीडी बघत बसायचं नाही.

एका डोळ्यावर अंतराचा अंदाज काही दिवस चुकतो. चहा कपाच्या बाहेर पडेल, जिन्याची शेवटची पायरी फसेल. शिवणकाम सोडायला सांगू नका. पहिले दोन महिने सुई ओवून देणारं कुणीतरी शेजारी असावं आणि इस्त्री दुसऱ्यानं करावी. मेंदू दुसऱ्या डोळ्यावर जमवून घेतो, बहुतेक जण महिन्याभरात सांडणं थांबवतात.

बाकीच्या वाचकांसाठी चार ओळी, कारण नजर अचानक जाण्याचं कारण दरवेळी हेच नसतं. डोळ्यापुढे विजा चमकून बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला तर पडदा सुटला असेल, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती इंद्रधनुष्य आणि उलट्या, तर काचबिंदूचा झटका. एका क्षणात, न दुखता, सगळं काळं, तर पडद्याची रक्तवाहिनी बंद, तिथे तास मोजतात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचं कानशील दुखतंय, भाकरी चावताना जबडा भरून येतोय, केस विंचरताना डोकं दुखतंय आणि नजर मधूनमधून जातेय, तर तो रक्तवाहिन्यांचा ऑटोइम्यून आजार असू शकतो. आपल्याकडे कमी दिसतो, पण उपचाराला एक दिवस उशीर झाला तरी दुसरा डोळा जाऊ शकतो. आणि टीबीचं एथॅम्ब्युटॉल चालू असताना दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू, न दुखता विटायला लागली तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

ताई, तुमच्या निरोपात तुम्ही विचारलंय की तिसरं सलाइन झालं तरी तिला फक्त उजेड-अंधारच कळतोय, म्हणजे डोळा गेला का. तीन दिवसांवर ते सांगता येत नाही, मलाही नाही आणि तिथल्या डॉक्टरांनाही नाही. पाचव्या दिवसापर्यंत काहीच हललं नाही तर प्लाझ्मा बदलायचा विषय त्यांनी काढायच्या आधी तुम्ही काढा. एक वही करा. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी, उजवा डोळा झाकून, तोच लाल दोरा धरा आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहा. डॉक्टरांच्या तक्त्यावर आकडा बदलायच्या आधी कधी कधी दोऱ्याचा रंग बदलतो. एमआरआयचा नुसता कागद नको, सीडी मागून घ्या. आणि कऱ्हाडला परत जाल तेव्हा श्रावणातल्या त्या सलाइनची चिठ्ठी आणि दुर्बिणीचा रिपोर्ट शोधा. कपाटात, गॅसच्या पुस्तकात, जिथे कुठे असेल तिथून. तारखेसकट ती कागदं या फाईलीत सगळ्यात वर लावायची आहेत.